मुंबई महाग की सोलापूर?

मुलाची बदली दुसऱ्या शहरी झाली, मुलीला परगावचे स्थळ सांगून आले किंवा घरातील कुणी आखातात नोकरीला निघाले, की आपल्या घराघरांतून एक प्रश्न हमखास विचारला जातो : "तिकडचे राहणे परवडेल ना?" मग कुणी तांदळाचा भाव सांगतो, कुणी मासळीचा, कुणी घरभाड्याचा. भावांची यादी तयार होते आणि तिच्यावरून एक शहर स्वस्त ठरते, दुसरे महाग. हा हिशेब वरवर सोपा वाटतो. वस्तुतः तो नीट कसा मांडावा हे शिकण्यात कित्येक पिढ्या गेल्या आहेत, आणि त्या शिक्षणातील एक मोलाचा धडा मुंबईच्या गिरणगावातील चाळींत गिरवला गेला आहे.

या हिशेबाचा आरंभ युरोपात झाला. फ्रान्समधील फ्रेदेरिक ल प्ले हा व्यवसायाने खाण अभियंता. कामानिमित्त देशोदेशी फिरताना त्याने कामगारांच्या घरांत जाऊन त्यांचा जमाखर्च टिपून घेतला व १८५५ साली ३६ कुटुंबांची वर्णने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी बेल्जियममध्ये द्युकपेतियो यांनी तेथील कामकरी कुटुंबांचे जमाखर्च छापले. या सामग्रीच्या आधारे जर्मन संख्याशास्त्रज्ञ एर्न्स्ट एंगेल यांनी १८५७ साली एक नियम मांडला : कुटुंब जितके गरीब, तितका त्याच्या खर्चातील अन्नाचा वाटा मोठा. या नियमाने विचाराची दिशाच बदलली. बाजारात वस्तू कितीला मिळते याबरोबरच, पोट भरल्यावर घरात काय उरते, हा प्रश्न विचारला जाऊ लागला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईत धान्य व कापड यांचे भाव भडकले. १९१९ व १९२० साली गिरणी कामगारांचे मोठे संप झाले. मजुरी पुरत नाही असे कामगार म्हणत आणि मालक ते नाकारत; परंतु निवाडा करायला विश्वसनीय आकडे कुणापाशीच नव्हते. अखेर मुंबई सरकारने १९२१ साली लेबर ऑफिस स्थापन केले. त्याचे संचालक फिंडले शिरास यांच्या देखरेखीखाली १९२१-२२ मध्ये कामकरी वर्गाच्या जमाखर्चाची पाहणी झाली आणि १९२३ साली तिचा अहवाल निघाला. २,४७३ कुटुंबांचे व ६०३ एकट्या राहणाऱ्या पुरुषांचे जमाखर्च त्यासाठी तपासण्यात आले.

मुंबईतील कामकरी कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत ५२ रुपये ४ आणे ६ पै भरली. खर्चाच्या प्रत्येक शंभर रुपयांतील ५६.८ रुपये अन्नावर, ७.४ जळण व दिवाबत्तीवर, ९.६ कपड्यांवर आणि ७.७ घरभाड्यावर जात, उरलेले १८.५ रुपये किरकोळ बाबींवर. पुढे १९२५-२६च्या सुमारास अशाच पाहण्या सोलापूर व अहमदाबाद येथे झाल्या. अहमदाबादच्या कुटुंबाची मिळकत सुमारे ४४ रुपये, तर सोलापूरच्या कुटुंबाची सुमारे ४० रुपये निघाली. मधल्या काळात भाव काहीसे बदलले होते हे खरे. तथापि एकाच इलाख्यातील तीन गिरणी-शहरांचे संसार शेजारी शेजारी ठेवून पाहण्याची सोय झाली.

आता या आकड्यांतील चकवा पाहा. अहमदाबादेत खर्चातील सुमारे १२ टक्के भाग घरभाड्याकडे जाई, मुंबईत मात्र ८ टक्क्यांहूनही कमी. केवळ हा कोष्टकाचा रकाना वाचणारा म्हणेल, मुंबईत घरे स्वस्त! परंतु त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. मुंबईतील कामकरी कुटुंबांपैकी ९७ टक्के कुटुंबे एका खोलीत राहत होती. त्याच खोलीत चूल, तेथेच आजाऱ्याचे अंथरूण, तेथेच बाळंतीण. भाडे कमी होते, कारण जागाच कमी घेतली होती. कुटुंबाने जी जागा, जी हवा आणि जो एकांत सोडून दिला, त्याची किंमत कोणत्याही रकान्यात मांडलेली नव्हती.

अन्नाच्या बाबतीत तर अहवालाचा निष्कर्ष वाचून आजही मन खिन्न होते. मुंबईच्या कामगाराच्या आहारातील धान्याची तुलना अहवालाने सरकारच्याच दोन नियमावल्यांशी केली. दुष्काळी कामांच्या संहितेत ठरवलेले धान्याचे कमाल प्रमाण कामगाराला मिळत होते, परंतु तुरुंगाच्या नियमावलीत कैद्यासाठी ठरवलेल्या आहाराहून ते कमी होते. देशातील धनाढ्य शहरात दिवसभर यंत्रापाशी उभा राहणारा माणूस कैद्याहून कमी धान्य खात होता. शिवाय ४७ टक्के कुटुंबे कर्जात होती. कर्ज साधारणतः अडीच महिन्यांच्या मिळकतीएवढे असे आणि व्याजाचा प्रचलित दर महिन्याला रुपयामागे एक आणा, म्हणजे वर्षाला ७५ टक्के.

मग सोलापूर बरे होते काय? तेथे अन्नाचा वाटा जवळजवळ निम्माच होता आणि घरभाडे सहा टक्क्यांच्या आसपास. एंगेलच्या नियमाने पाहिले तर सोलापूरकर मुंबईकराहून सुखी ठरावा. परंतु कर्जबाजारी कुटुंबांचे प्रमाण सोलापुरात व अहमदाबादेतही साठ टक्क्यांच्या वर होते. मुंबई महाग होती, पण तेथे चार पैसे अधिक मिळत. सोलापूर स्वस्त होते, पण तेथे मिळकतच तोकडी होती. स्वस्ताईने सोलापूरकराचा सावकार सुटला नाही.

मुंबईत १९३२-३३ साली पुन्हा पाहणी झाली. दहा वर्षांत घरभाड्याचा वाटा ७.७ टक्क्यांवरून १३ टक्क्यांच्या घरात गेला होता. अन्नाचा वाटा मात्र ४७ टक्क्यांच्या खाली आला होता. म्हणजे कामगार सुधारला का? मुळीच नाही, त्याच्या कुटुंबाची मिळकत तर ५० रुपयांपर्यंत उतरली होती. जगभरच्या मंदीत धान्य स्वस्त झाले, एवढेच. एकटा आकडा, मग तो कितीही काटेकोर असो, संसाराची साक्ष पूर्णपणे देत नाही.

आणखी एक अडचण अशा हिशेबाच्या मुळाशीच आहे. महागाईचा निर्देशांक लोक प्रत्यक्षात जे विकत घेतात त्यावर आधारलेला असतो. ज्या घरात मुलाला दूध मिळतच नाही, त्या घराच्या यादीत दुधाला जागा नाही. उद्या दूध कितीही महागले तरी त्या यादीनुसार त्या घराला झळ लागत नाही! गरिबाची उपासमार अशा रीतीने हिशेबाचे प्रमाण होऊन बसते.

याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला उलट दिशेने प्रश्न विचारला गेला. अमेरिकेतील फोर्ड मोटार कंपनीचे कारखाने युरोपातही होते. डेट्रॉइट येथील आपला कामगार दिवसाला सात डॉलर मिळवून ज्या राहणीने राहतो, त्याच राहणीने राहण्यासाठी युरोपातील कामगाराला किती वेतन लागेल, अशी विचारणा कंपनीने १९२९ साली जिनीव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार कार्यालयाकडे केली. बोस्टनचे व्यापारी एडवर्ड फायलीन यांनी खर्चासाठी २५ हजार डॉलर देऊ केले. डेट्रॉइटमधील १०० कुटुंबांचा जमाखर्च तपासून त्या राहणीची किंमत युरोपातील अनेक शहरांत काढण्यात आली. काम अवघड होते, कारण देशोदेशींची ताटे निराळी व घरेही निराळी. पण त्यात एक नवी दृष्टी होती : आधी राहणी ठरवायची, मग तिची किंमत मोजायची.

ती राहणी कोणी व कशावरून ठरवायची? येथे प्रश्न गणिताचा राहत नाही, न्यायाचा होतो. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ सालच्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात हाच मुद्दा मांडला होता. कामगार नाइलाजाने कमी मजुरीला राजी झाला, तेवढ्याने ती मजुरी न्याय्य ठरत नाही. काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तिच्यात झाला पाहिजे, असे त्यांनी बजावले. आपल्या देशात १९५७ सालच्या पंधराव्या भारतीय श्रम परिषदेने किमान वेतनासाठी गरजांची यादीच ठरवली : प्रौढ माणसाला २,७०० उष्मांकांचा आहार, चौघांच्या कुटुंबाला वर्षाकाठी ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती व इतर खर्चासाठी एकूण वेतनाच्या २० टक्के. पुढे १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ व म्हातारपणाची तरतूद यांसाठी आणखी २५ टक्के जोडले. चाळीतील संसार काय खातो येथून निघालेला हिशेब, त्या संसाराला काय मिळायला हवे येथवर येऊन पोचला. ते सर्वांच्या हाती पडते आहे असे मात्र नाही.

आज वर्तमानपत्रांत जगातील महागड्या शहरांच्या याद्या दरवर्षी झळकतात. त्यांपैकी नामांकित याद्या प्रामुख्याने परदेशी पाठवल्या जाणाऱ्या अधिकाऱ्यांचे भत्ते ठरवण्यासाठी तयार होतात आणि त्यांत न्यूयॉर्क हे मोजमापाचे शहर असते. त्या यादीत मुंबई स्वस्त दिसली म्हणून वसई-विरारहून रोज लोकलने कामावर जाणाऱ्याचे काही हलके होत नाही. औद्योगिक कामगारांसाठी सरकार जो ग्राहक किंमत निर्देशांक काढते, त्याचाही असाच गैरसमज होतो. मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर अशा केंद्रांचे आकडे त्यात निरनिराळे असतात. पण प्रत्येक आकडा त्या त्या शहराचे भाव पूर्वीपेक्षा किती चढले एवढेच सांगतो. सोलापूरचा आकडा मुंबईहून मोठा दिसला म्हणून सोलापूर मुंबईहून महाग ठरत नाही.

म्हणून आपल्या मुलाला परगावी धाडताना केवळ तांदळाचा भाव विचारून थांबू नये. त्या पगारात किती खोल्या मिळतील, कामावर जाण्यायेण्यात किती तास जातील, मुलांची शाळा व आजारीपणातील दवाखाना कोठे, महिनाअखेर उसनवारी करावी लागेल का, हेही विचारावे. आपल्या आजा-पणजांपैकी काहींनी गिरणगावात खोली घेतली, तेव्हा हे प्रश्न त्यांना कुणी विचारले नाहीत. त्यांची उत्तरे त्यांनी त्या एका खोलीत जन्मभर राहून दिली.