निओग्नॅथोफॉसिया इन्जेन्स

खोल समुद्रात राहणारा, कोळंबीसारखा दिसणारा पण कोळंबी नसलेला लालभडक कवचधारी प्राणी. अटलांटिक, हिंदी आणि प्रशांत या तिन्ही महासागरांच्या उष्ण व समशीतोष्ण पट्ट्यांत आढळतो. पूर्ण वाढलेल्या मादीची लांबी 35 सेंटिमीटरपर्यंत भरते. त्याचे नातलग बहुधा त्याहून पुष्कळ लहान असतात, त्यामुळे त्यांच्यात हा राक्षसच म्हणायचा. मराठीत त्याला नाव नाही. मुंबईसमोर समुद्रबूड जमिनीचा उथळ पट्टा 300 किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. ससून डॉकच्या बोटी या पट्ट्यातच जाळी टाकतात आणि हा प्राणी त्या पट्ट्यापलीकडच्या खोल पाण्यात असतो. ज्याला कोळ्याने कधी पाटीत घेतले नाही, त्याला नाव तरी कोण देणार?

वर्गीकरण : कवचधारी, लोफोगॅस्ट्रिडा गण, ग्नॅथोफॉसिइडी कुल. जवळा, कोळंबी, शेवंड आणि खेकडे दशपाद गणात मोडतात. लोफोगॅस्ट्रिडा त्यांच्यापासून पुष्कळ दूरचा गण आहे. मादीच्या छातीखाली पातळ पत्र्यांची शिशुधानी असते आणि अंडी व पिल्ले तिथेच वाढतात, या लक्षणाने हा गण घरातल्या ओलीत सापडणाऱ्या लाकूडउवांच्या गोतात जातो. पृष्ठवर्म, म्हणजे पाठीवरचे कवच, छातीवर सैल झग्यासारखे पडलेले असते, मागच्या खंडांना चिकटलेले नसते. मायसिड नावाच्या भाऊबंदांत शेपटीच्या पंख्यात तोल सांभाळणारी एक छोटी पुटी असते, ती इथे नसते. नमुना हाती आला की जाणकार आधी शेपटी भिंगाखाली धरतात ते यासाठीच.

नावांचा इतिहास गुंतागुंतीचा आहे आणि त्यातला एक धागा भारतातून जातो. नेपल्सच्या प्राणिशास्त्रीय केंद्राचे संस्थापक अँटन डोर्न यांनी 1870 मध्ये या जातीचे वर्णन ‘लोफोगॅस्टर इन्जेन्स’ या नावाने केले. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या जगप्रदक्षिणेत (1872–76) तरुण जर्मन निसर्गशास्त्रज्ञ रुडोल्फ फॉन विलमोस-झूम यांनी ग्नॅथोफॉसिया ही प्रजाती उभी केली. ते 1875 मध्ये मोहीम चालू असताना जहाजावरच वारले, वय अवघे 28. त्या मोहिमेचे नमुने अभ्यासणारे नॉर्वेचे जी. ओ. सार्स यांनी 1883 मध्ये ‘कॅल्कराटा’ ही वेगळी जात नोंदवली. 1891 मध्ये कोलकात्याच्या इंडियन म्युझियमचे जेम्स वुड-मेसन आणि आल्फ्रेड अल्कॉक यांनी ‘बेंगालेन्सिस’ ही आणखी एक जात जाहीर केली. तिचे नमुने हिंदुस्थानच्या सागरी सर्वेक्षणाच्या ‘इन्व्हेस्टिगेटर’ जहाजाने आणले होते. हे जहाज 1881 मध्ये मुंबईच्या गोदीत बांधलेले, चाकांवर चालणारे लाकडी वाफेचे जहाज होते. अल्कॉक या जहाजावर डॉक्टर आणि निसर्गशास्त्रज्ञ अशी दुहेरी नोकरी करत.

पुढे प्राणिशास्त्रज्ञ ऑर्टमान यांनी 1906 मध्ये हा सगळा पसारा आवरला. पृष्ठवर्माच्या मागच्या खालच्या कोपऱ्यांवर पिल्लाला लांब, टोकदार काटे असतात. प्राणी जसजसा कात टाकत वाढतो, तसतसे ते शरीराच्या मानाने आखूड होत जातात आणि वयस्क प्राण्यात जवळजवळ दिसेनासे होतात. काटेवाला तो कॅल्कराटा, बिनकाट्याचा तो इन्जेन्स, असे जे चालले होते ते खरे तर एकाच प्राण्याचे बालपण आणि म्हातारपण होते. आज बेंगालेन्सिस आणि कॅल्कराटा ही दोन्ही नावे इन्जेन्सची समानार्थी मानतात. यात वुड-मेसन-अल्कॉकांना दोष देण्यात अर्थ नाही. ज्याच्या टेबलावर दोन-तीनच नमुने आहेत, त्याला वाढीची मालिका दिसणार तरी कशी?

शरीररचना व जीवनक्रम : डोक्यापुढे लांब, दातेरी काटा भाल्यासारखा येतो. छातीच्या पायांच्या बुडाशी कल्ल्यांचे दाट झुबके असतात. रंग किरमिजी असला तरी सूर्यप्रकाशातला लाल भाग इतक्या खोलीवर पोचतच नाही, त्यामुळे तिथे हा प्राणी काळाच दिसतो. नमुना मद्यार्कात ठेवला की रंग विरघळून निघून जातो आणि बरणीत उरते ते फिकट, पिवळसर कवच. संग्रहालयात पाहिलेल्यांना त्यामुळे या प्राण्याची चुकीचीच कल्पना येते. त्रास दिला की तो तोंडाजवळच्या जंभिकांवरील ग्रंथींमधून चमकणारा द्राव पाण्यात सोडतो आणि त्या निळ्या ढगाआडून सटकतो. हा प्रकाश त्याच्या घरचा नाही. त्याला लागणारे द्रव्य त्याच्या खाण्यातून येते आणि ते न मिळाल्यास चमक जाते, असे बंदिस्त प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे.

श्वसनाचा सर्वांत बारकाईने अभ्यास कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यापलीकडे झाला. तिथे हा प्राणी साधारण 400 ते 900 मीटर खोलीवर, ऑक्सिजन अगदी कमी असलेल्या थरात कायम मुक्काम करतो. कल्ल्यांवरून जाणाऱ्या पाण्यातला बहुतेक सगळा ऑक्सिजन तो काढून घेतो. संशोधक जेम्स चिल्ड्रेस यांच्या मोजमापांत हे प्रमाण 90 टक्क्यांपर्यंत गेले. आयुष्य सुमारे 8 वर्षांचे. मादी एकदाच वीण घालते आणि पिल्ले शिशुधानीत सुमारे 530 दिवस बाळगते.

प्रसार : ध्रुवीय पाण्यात ही जात नाही. थंड पाण्याकडे तिची बहीण निओग्नॅथोफॉसिया गिगास जास्त आढळते. भारताच्या दोन्ही बाजूंचे समुद्र इन्जेन्सच्या प्रसारक्षेत्रात येतात. अरबी समुद्रात साधारण 150 मीटरपासून 1,000 मीटरपलीकडेपर्यंत ऑक्सिजनची जबर टंचाई असलेला थर आहे आणि तो जगातल्या अशा सर्वांत जाड थरांपैकी एक आहे. कॅलिफोर्नियातल्या निरीक्षणांवरून पाहता ही परिस्थिती या जातीला मानवणारी आहे. गोव्यात दोनापावल्याला असलेल्या, 1966 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने हा थर चांगला मोजला आहे, पण त्यात राहणाऱ्या मोठ्या कवचधाऱ्यांकडे त्या मानाने कमी लक्ष गेले, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. 1960 ते 1965 च्या आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत प्लवकांचे हजारो नमुने जमले. मात्र प्लवकाच्या बारीक जाळ्यातून वीतभर लांबीचा चपळ प्राणी सहज निसटतो. त्यामुळे नकाशावर जिथे ठिपका नाही तिथे प्राणीही नाही, असे धरून चालू नये.

संग्रह आणि काशी : ‘इन्व्हेस्टिगेटर’ने आणलेला संग्रह इंडियन म्युझियममध्ये होता. 1916 मध्ये म्युझियमच्या प्राणिविभागातून भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्था निघाली आणि प्राणिसंग्रह तिच्याकडे आला. दुसऱ्या महायुद्धात कोलकात्यावर जपानी बाँब पडण्याची धास्ती होती म्हणून 1942 मध्ये संस्थेचे बिऱ्हाड वाराणसीला, वरुणाकाठच्या कैसर कॅसल या वाड्यात हलले. दूधविनायक, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या मराठी मोहल्ल्यांपासून गंगेच्या काठाने खाली गेले की आदिकेशवापाशी हीच वरुणा गंगेला मिळते. गंगा फुगली की वरुणेचे पाणी उलटे चढते, हे काशीकरांना काही नवे नाही. 1943 मध्ये वरुणेला पूर आला आणि बाँबपासून वाचवायला आणलेल्या संग्रहाची पाण्याने हानी झाली. भिजलेली चिठ्ठी ही प्राणिशास्त्रात फुटलेल्या बरणीइतकीच मोठी हानी असते. कुठल्या खोलीवर, कुठल्या अक्षांशावर सापडला हे पुसले गेले, की उरलेला प्राणी प्रसाराच्या नकाशावर मांडता येत नाही. युद्धानंतर संस्था पुन्हा कोलकात्याला गेली.

निओग्नॅथोफॉसिया ही वेगळी प्रजाती रशियन संशोधक पेत्र्याशोव्ह यांनी 1992 मध्ये केली आणि तीत इन्जेन्स व गिगास या दोनच जाती ठेवल्या. त्याआधीचे लेखन ग्नॅथोफॉसिया या नावाने आहे आणि काही संशोधक अजूनही तेच वापरतात. भारतीय समुद्रांतल्या जुन्या नोंदी धुंडाळताना म्हणून निओग्नॅथोफॉसिया इन्जेन्स, ग्नॅथोफॉसिया इन्जेन्स आणि ग्नॅथोफॉसिया बेंगालेन्सिस या तिन्ही नावांखाली शोध घ्यावा लागतो.