बारामती की निगडी?

एमबीए कुठून करायचं, असं इंदापूर-बारामतीकडची मुलं विचारतात तेव्हा त्यात दोन प्रश्न असतात. नाव कुठल्या कॉलेजला आहे? आणि प्लेसमेंट कुठे चांगली? मला विचाराल तर याची उत्तरं ब्रोशरपेक्षा इतिहासात लवकर सापडतात.

1885 साली नीरेचा डावा कालवा सुरू झाला. पाण्यामागून ऊस आला. 1930च्या दशकात वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढला, तेच वालचंदनगर. म्हणजे उद्योगात इंदापूर मागे नव्हतं बरं का! पण 1962 मध्ये तुळजाराम चतुरचंद कॉलेज आणि 1972 मध्ये विद्या प्रतिष्ठान निघालं ते बारामतीत. पुढे तिथल्या एमआयडीसीत पियाजिओ, भारत फोर्ज आले. कॉलेजं आणि कारखाने शेजारी शेजारी वाढले.

इंदापूरची गंमत वेगळीच. तिथले नेते शंकरराव बाजीराव पाटील यांनी 1990 मध्ये पिंपरी चिंचवड एज्युकेशन ट्रस्ट स्थापन केला. 2009 मध्ये त्यांच्या नावाची मॅनेजमेंट संस्था सुरू झाली, ती निगडीत. नाव इंदापूरचं, शेजार मात्र पिंपरी-चिंचवडच्या कंपन्यांचा.

मग 'नाव' म्हणजे नक्की काय? मुंबईचं जमनालाल बजाज 1965चं, पुण्याचं सिंबायोसिसचं एसआयबीएम 1978चं. तिथले जुने विद्यार्थी कधीच साहेब झाले, आता तेच मुलाखती घेतात. नाव असं मुरायला वीस-तीस वर्षं लागतात, आणि जिथे आपली माणसं खुर्चीत बसलीत तिथपर्यंतच ते चालतं. बारामतीचं नाव साखर कारखान्यात, डेअरीत, सहकारी बँकेत वजन टाकेल. हिंजवडीतल्या एचआरला ते सांगून समजावावं लागेल. यात कमीपणा काही नाही, फक्त हद्द वेगळी.

म्हणून आधी नोकरी कुठे करायची ते ठरवा, कॉलेज नंतर. 'हायेस्ट पॅकेज' हा एका मुलाचा आकडा असतो. बॅचमधल्या मधल्या मुलाला किती मिळाले, कुठल्या गावात, कुठल्या पदावर, ते विचारा. त्यातून खोलीभाडं, मेस आणि कर्जाचा हप्ता वजा करा. पुण्यातला मोठा पगार कधीकधी घरी राहून मिळणाऱ्या बारामतीच्या पगाराएवढाच उरतो.

हप्ता शेवटी घरच्यांच्या उसाच्या बिलातून जाणार असेल, तर एवढी चौकशी करायलाच हवी, नाही का?