घराच्या वाढीव बांधकामाचा नकाशा : पहिला कच्चा नकाशा आपणच काढावा

उज्जैनमध्ये आपल्या समाजाची जुनी कुटुंबे शहरातल्या वाड्यांत राहतात, तर बरीचशी फ्रीगंज आणि पुढच्या कॉलन्यांत. वाड्यात भावांच्या वाटण्या होऊन स्वयंपाकघरे वाढतात. कॉलनीत वडिलांनी बांधलेल्या तळमजल्यावर मुलाला मजला चढवायचा असतो. दोन्हीकडे नगर निगमाची परवानगी लागते आणि त्यासाठी नकाशा लागतो.

हा नकाशा सर्वसाधारणपणे नोंदणीकृत वास्तुविशारद किंवा अभियंत्यामार्फत ऑनलाइन दाखल होतो. संगणकप्रणाली त्याची तपासणी मध्य प्रदेश भूमि विकास नियम 2012 प्रमाणे करते. मग आपण कागद-पेन्सिल घेऊन बसायचे कशाला? कारण अर्जावर सही आपली असते. नकाशात जे चुकीचे दाखवले जाईल त्याची जबाबदारी शेवटी घरमालकावर येते.

आमच्याच घराचे उदाहरण सांगतो. वरच्या खोलीसाठी नकाशा करून देणाऱ्याने जुन्या कागदांवरून मागची मोकळी जागा 10 फूट दाखवली. प्रत्यक्षात न्हाणीघर पुढे सरकवल्यामुळे ती 7 फूट उरली होती. आम्ही न वाचता सही केली, प्रकरण परत आले आणि पावसाळ्यापूर्वी होणारे काम वर्षभर लांबले. चूक त्याची होती, पण त्याहून जास्त आमची होती. बँकेत गृहकर्जाची प्रकरणे पाहताना हीच चूक आम्ही इतरांना दाखवत असू.

आधी कागद

रजिस्ट्री, पूर्वीचा मंजूर नकाशा, संपत्ती कराची पावती आणि नामांतरणाची प्रत एकत्र करावी. घर अजून वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल तर प्रथम नामांतरण करून घ्यावे. सहमालक असतील तर त्यांची लेखी संमती घ्यावी. पुण्या-मुंबईत राहणाऱ्या भावाला किंवा बहिणीला आधी फोन करावा. भिंत उभी राहिल्यावर कळवले की मने दुखावतात.

मोजणी

30 मीटरचा टेप घ्यावा आणि दोघांनी मिळून मोजावे. भूखंडाच्या चारही बाजू मोजाव्यात, आणि दोन्ही कर्णही मोजावेत. 30 बाय 50 फुटांचा भूखंड काटकोनी असेल तर प्रत्येक कर्ण सुमारे 58 फूट 4 इंच भरतो. दोन कर्णांत फरक आला तर भूखंड तिरका आहे, आणि नकाशातही तो तिरकाच दाखवावा लागेल.

खोल्या आतून मोजाव्यात आणि भिंतींची जाडी वेगळी लिहावी. विटांची भिंत बहुधा 9 किंवा साडेचार इंचांची असते. वाड्याची जुनी भिंत मात्र दोन फूटही असू शकते. ती धरली नाही तर सगळा हिशेब चुकतो.

कागदावर उतरवणे

माप मीटरमध्ये लिहावे. 1 फूट म्हणजे 0.3048 मीटर. आलेख कागदावर 1 सेंटिमीटर म्हणजे 1 मीटर धरला की 1:100 हे प्रमाण होते. वरचा भूखंड (सुमारे 139 चौरस मीटर) साध्या ए-4 कागदावर बसतो.

चार आकृत्या काढाव्यात :
1. जागेचा आराखडा : उत्तर दिशा, रस्ता व त्याची रुंदी, चारही बाजूंची मोकळी जागा, सेप्टिक टँक, बोअरिंग, झाड, विजेची तार.
2. प्रत्येक मजल्याचा आराखडा, गच्चीसह.
3. जिन्यातून घेतलेला उभा छेद : जोते, मजल्यांची उंची, पायऱ्या.
4. दर्शनी बाजू.

राष्ट्रीय इमारत संहितेच्या रंगसंकेतात असलेले बांधकाम काळ्या रेषेने, नवे लाल रंगाने आणि पाडायचे पिवळ्याने दाखवतात. घरीही हेच रंग वापरावेत. मात्र आधी फक्त काळे काढावे. आज घर जसे आहे तसे पूर्ण उतरल्याशिवाय लाल पेन्सिल हातात घेऊ नये.

नवी खोली आखताना

याच संहितेत राहत्या खोलीसाठी किमान 9.5 चौरस मीटर क्षेत्र, 2.4 मीटर रुंदी आणि 2.75 मीटर उंची सांगितली आहे. एकत्र न्हाणीघर-शौचालयास 2.8 चौरस मीटर लागतात. घरावरून किंवा बाजूने 11 हजार व्होल्टची तार जात असेल तर उभे 3.7 मीटर आणि आडवे 1.2 मीटर अंतर सुटले पाहिजे. गॅलरी काढताना हे हमखास विसरले जाते.

तीन गोष्टी वेगळ्या विचाराव्यात

रस्ता : विकास योजनेतली रस्त्याची रुंदी आजच्या रुंदीपेक्षा जास्त असू शकते. सिंहस्थ 2028 च्या तयारीत शहरातले रस्ते रुंद होत आहेत. तेव्हा समोरची जागा कोणत्या रेषेपासून मोजायची हे आधी विचारून घ्यावे.

संरक्षित वास्तू : केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नव्या बांधकामाला मनाई आहे. त्यापुढील 200 मीटरमध्ये वेगळी परवानगी लागते. 100 मीटरच्या आत दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते.

पाया : माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. जुन्या पायावर मजला चढतो का, याचे उत्तर संरचना अभियंत्यानेच द्यावे. मिस्त्रीच्या अंदाजावर हे सोडू नये.

शेवटी

आपला कच्चा नकाशा वास्तुविशारदाला द्यावा. त्याने केलेला पक्का नकाशा आला की त्याच कागदाशी एकेक माप ताडून पाहावे आणि मगच सही करावी. जुन्या बांधकामात नियमाबाहेरचे काही निघाले तर लपवू नये. काही मर्यादेपर्यंत प्रशमन शुल्क भरून ते नियमित करता येते. लपवलेले मात्र कर्ज घेताना, घर विकताना किंवा वाटणीच्या वेळी बाहेर येतेच, आणि तेव्हा ते मुलांना निस्तरावे लागते.

मंजूर नकाशाच्या दोन प्रती काढाव्यात. एक रजिस्ट्रीसोबत ठेवावी आणि दुसरी घराबाहेर, विश्वासाच्या माणसाकडे.