लोलक आणि खिशातला फोन

आपल्या प्रयोगशाळेतला लोलक आठवतो? शाळेत स्टॉपवॉच एकच, ते सरांच्या हातात. मागच्या रांगेतले आम्ही टाचा उंचावून वीस आंदोलनं मोजायचो. "कोन लहान ठेवा रे," असं सर बजावायचे. का, ते मी कधी विचारलं नाही. उत्तर जुळलं की झालं!

पुढे मी इंजिनिअरिंगच्या मुलांना शिकवू लागलो. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याहून दिल्लीला लागला. दहाएक वर्षांत फोन माझ्या वर्गात वाजू लागले. मी ते जप्त करायचो. एका मुलाचा फोन दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवला. त्याचे वडील दवाखान्यात होते, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. ते अजून बोचतं.

फोनकडे वेगळ्या नजरेनं पाहायला लावलं ते हार्वर्डच्या एरिक मझूर यांच्या पद्धतीनं. त्यांची मुलं गणितं अचूक सोडवत, पण साध्या संकल्पनेच्या प्रश्नावर अडखळत. म्हणून १९९१ पासून ते व्याख्यान मध्येच थांबवून एक प्रश्न टाकू लागले. प्रत्येकानं आपलं उत्तर द्यायचं, शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं. उत्तरासाठी आधी नुसती कार्डं होती, मग क्लिकर आले. फोन फार नंतर आला. मीही रंगीत कार्डशीट कापूनच सुरुवात केली.

२०१६ मध्ये जर्मनीतल्या आखेनच्या विद्यापीठानं 'फायफॉक्स' हे मोफत अ‍ॅप काढलं. फोनमधले त्वरण आणि फिरण्याचा वेग मोजणारे संवेदक ते वाचतं. मी मुलांना फोनच दोरीला टांगायला सांगितलं. चांगला फोन चौघांत एकाकडे, त्यामुळे चौघांना एकत्र यावंच लागलं. (त्याच फोनवर क्रिकेटचा स्कोअरही बघितला जायचा. नाकारत नाही.)

एका गटानं लोलक हौसेनं ६० अंशांवरून सोडला. आवर्तकाल सूत्रापेक्षा सुमारे ७ टक्के जास्त आला.

"सर, फोन बिघडलाय."

"फोन कशाला बिघडेल? सूत्रच चुकलंय," शेवटच्या बाकावरची, वर्षभर न बोललेली मुलगी म्हणाली.

तास संपला तरी कोणी उठेना. मी एवढंच विचारलं, "कोन किती घेतला होता रे?"