कैलास-परिक्रमेचा मार्ग : काही ऐतिहासिक विचार

शिवालयात प्रदक्षिणा पूर्ण करावयाची नसते. सोमसूत्रापाशी थांबून आल्या वाटेने परतावयाचे, हे आपल्याकडे लहान मुलासही ठाऊक असते. परंतु साक्षात् शिवाचे निवासस्थान मानलेल्या कैलासाभोवती हिंदू यात्रेकरू सुमारे ५२ किलोमीटरांचे वर्तुळ पुरे करतो. एवढ्यावरून अनुमान काढणे मात्र धाडसाचे होईल, कारण तिरुवण्णामलैच्या अरुणाचलाची आणि आपल्या त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीची फेरीही पूर्णच असते. तेव्हा कैलासाचा मार्ग कोणी घातला, हा प्रश्न दिशेवरून नव्हे, तर वाटेवरील स्थळांवरून सोडविला पाहिजे.

ही स्थळे बोलकी आहेत. दारचेनहून निघालेल्या यात्रेकरूस प्रथम छुकू, मग दिरापुक व शेवटी झुतुलपुक असे तीन बौद्ध मठ लागतात. दिरापुकची गुहा गोत्सांगपा (११८९–१२५८) या कार्ग्यु पंथीय साधूच्या नावाशी निगडित आहे. एका चमरी गाईच्या मागे जाता जाता त्यास ती सापडली, आणि पुढे एकवीस तारादेवींनी लांडग्यांच्या रूपाने त्यास खिंडीची वाट दाखविली, अशी कथा आहे. सुमारे ५,६०० मीटर उंचीच्या त्या खिंडीस डोल्मा, म्हणजे तारा, हेच नाव आहे. चमत्कार बाजूस ठेवला तरी, वाट 'उघडल्याचे' श्रेय तिबेटी परंपरा तेराव्या शतकातील एका भिक्षूस देते, हे महत्त्वाचे. हिंदू नाव आहे ते खिंडीखालच्या गौरीकुंडाचे.

बोन धर्मीय याच वाटेने उलट, म्हणजे पर्वत डावीकडे ठेवून, चालतात. मिलारेपाने बोन पुरोहितास हरवून पर्वत जिंकला, ही प्रसिद्ध कथा पुष्कळदा अकराव्या-बाराव्या शतकाचा पुरावा म्हणून पुढे केली जाते. पण तिचे आज प्रचलित असलेले रूप त्सांगन्योन हेरुका (१४५२–१५०७) याच्या संकलनातील आहे. म्हणून ती मिलारेपाच्या काळापेक्षा संकलकाच्या काळाविषयी अधिक सांगते. महाभारतातील कैलास आणि हा पर्वत यांचे समीकरणही निर्विवाद नव्हे. अॅलेक्स मॅके यांनी २०१५ साली ते बव्हंशी अर्वाचीन असल्याचे प्रतिपादिले. हे मत सर्वस्वी मान्य केले नाही, तरी पुराणातील उल्लेख म्हणजे यात्रेचा पुरावा नव्हे, एवढे तरी मान्य करावेच लागते.

हा वाद केवळ पंडितांचा नाही. २९ एप्रिल १९५४ च्या भारत-चीन कराराने भारतातील यात्रेकरूंना 'रूढीस अनुसरून' कैलास व मानसरोवर येथे जाण्याची मुभा दिली. त्यांना प्रमाणपत्रांची गरज नव्हती; सीमेवरील चौकीत नोंद करून परवाना घेणे पुरेसे होते. रूढी हाच येथे हक्काचा आधार होता. मात्र रूढी म्हणजे कोणाची व किती जुनी, याची व्याख्या करारात नव्हती. १९६२ साली कराराची मुदत संपली आणि यात्राही थांबली. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात वाटेवरील मठ उद्ध्वस्त झाले. ते पुढे पुन्हा बांधले गेले. १९८१ साली भारतीयांची यात्रा पुन्हा सुरू झाली, ती पारपत्र, वैद्यकीय तपासणी आणि सरकारने ठरविलेल्या तुकड्या यांच्या आधारे. २०२० पासून पाच वर्षे ती पुन्हा बंद राहिली व जून २०२५ मध्ये लिपुलेख व नथुला या दोन खिंडींतून पूर्ववत् झाली.