ठोकळ्यावरील खूण

बुद्धिबळाचा पट मांडून बसलेल्या मुलास हा वजीर व हें प्यादें असें पुन्हां पुन्हां सांगावें लागत नाहीं. मोहऱ्याचा आकार हीच त्याची ओळख. काळा कीं पांढरा एवढें पाहिलें म्हणजे त्याचा धनीही कळतो. शिवाय दोन्ही राजांचें सारें सैन्य उभय खेळाडूंच्या डोळ्यांपुढें उघडें मांडलेलें असतें. रणांगण मात्र असें कधींच नसतें. समोरच्या धुळीच्या लोटांतून येणारी तुकडी आपली कीं परक्याची, घोडदळाची कीं पायदळाची, हेंच पुष्कळदां सेनापतीस ठाऊक नसतें. बुद्धिबळापासून युद्धखेळ निपजला, त्याचा इतिहास पाहूं गेल्यास तो बव्हंशीं एका प्रश्नाचा इतिहास आहे: पटावरील सैन्यास खूण कोणती द्यावी, आणि ती कोणास दिसूं द्यावी?

जर्मनींतील ब्रुन्सविक येथील गणिताचे अध्यापक योहान हेल्विग यांनीं १७८० सालीं बुद्धिबळाच्या पायावर रचलेला एक लष्करी खेळ प्रसिद्ध केला. त्यांनीं पट पुष्कळ मोठा केला आणि घरांस निरनिराळे रंग देऊन डोंगर, पाणी व अरण्य दाखविलें. तथापि सैन्य घराघरांनींच चाले, आणि खऱ्या भूमीला तर चौकटी नसतात. ही उणीव प्रशियांतील राइस्वित्झ पितापुत्रांनीं भरून काढली. पित्यानें १८१२ सालीं आपला खेळ राजापुढें ठेवला. तोफखान्यांत अधिकारी असलेल्या पुत्रानें १८२४ सालीं त्यास खऱ्या नकाशावर आणून बसविलें. नकाशाचें प्रमाण एकास आठ हजार असें होतें.

या नकाशावर शिपायांच्या बाहुल्या नव्हत्या. होते ते लहान आयताकृति ठोकळे. एका पक्षाचे तांबडे, दुसऱ्याचे निळे. ठोकळ्यावरील खुणेवरून तें पायदळ, घोडदळ कीं तोफखाना हें समजे. विशेष हा कीं, ठोकळ्याची लांबी नकाशाच्या प्रमाणांत कापलेली असे. पलटण रांग धरून उभी राहिली असतां जेवढी जागा व्यापील, तेवढीच जागा ठोकळा व्यापी. घाटाच्या तोंडांत ठोकळा मावला नाहीं, तर त्या रचनेनें पलटणही तेथून जाणार नाहीं, हें वाद न घालतां कळे. याप्रमाणें खूण ही केवळ नांवाची पाटी न राहतां तिच्यांत सैन्याचा एक खरा गुण उतरला.

याहून महत्त्वाची सुधारणा पंचाच्या हातीं होती. खेळाडू आपले हुकूम लिहून पंचाकडे देत. आणि ज्या तुकड्या शत्रूच्या दृष्टीस पडण्याजोग्या असतील, तेवढेच ठोकळे पंच नकाशावर ठेवी. टेकडीआडची पलटण पटावर नसे. ती पंचाच्या मनांत असे. बुद्धिबळांत जें कधींच घडत नाहीं, तें येथें घडूं लागलें. खेळाडू अज्ञानांत राहून निर्णय घेऊं लागला. प्रशियाच्या सेनाप्रमुखानें हा खेळ पाहून सैन्यांत त्याचा पुरस्कार केला, तो या गुणामुळें, यांत नवल नाहीं.

याच्या उलट टोंकास एच्. जी. वेल्स हे प्रसिद्ध इंग्रज लेखक दिसतात. त्यांचें ‘लिटल वॉर्स’ हें पुस्तक १९१३ सालीं निघालें. त्यांचें सैन्य शिशाच्या बाहुल्यांचें आणि रणभूमि घरांतील जमिनीची. येथें गणवेश हीच खूण. तोफेजवळ सहा इंचांच्या आंत आपलीं चार माणसें असल्यावांचून ती डागतां येत नाहीं, असा त्यांचा नियम. तेव्हां कोणता शिपाई कोणाचा हें पाहतांक्षणीं कळणें अवश्यच होतें. असले खेळ खेळणाऱ्यास खऱ्या युद्धाचा मूर्खपणा उमजेल अशी वेल्स यांची आशा होती. पुढल्याच वर्षीं महायुद्ध पेटलें.

आजही हौशी मंडळी इंच-सव्वा इंचाच्या शिपायांचे गट लहान पाट्यांवर चिकटवितात, निशाणें रोवतात, आणि पलटणीचें नांव पाटीच्या मागील कडेवर लिहितात. मागील कडेवर कां? तर तें धन्यास वाचतां यावें, समोरच्यास येऊं नये, म्हणून. राइस्वित्झचा पंच जें काम करी, तेंच येथें एका अरुंद कडेनें साधतें.

हा सारा केवळ करमणुकीचा विषय आहे असें ज्यास वाटेल, त्यानें १९४२ सालचें लिव्हरपूल आठवावें. जर्मन पाणबुड्या अटलांटिकवर व्यापारी जहाजांचे तांडे बुडवीत होत्या. तेथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स यांनीं एका मोठ्या दालनाच्या जमिनीलाच समुद्राचा पट केलें. त्यांच्या हाताखालीं बहुतेक नौदलांतील तरुण स्त्रिया होत्या. रक्षक जहाजांचे मार्ग पांढऱ्या खडूनें आंखीत, पाणबुडीचा मार्ग हिरव्या. शिकावयास आलेले अधिकारी पडद्याआड उभे राहून फटींतून पाहत. त्यांना पांढऱ्या रेषा दिसत, हिरव्या दिसत नसत. पाणबुडी बाहेरूनच मारा करते ही प्रचलित समजूत या पटावर ढांसळली. ती रात्रीं पाण्यावर तरंगत मागल्या बाजूनें तांड्याच्या आंत शिरते, असें दिसून आलें. आणि तिला हुडकून काढण्याच्या नव्या रीती येथून समुद्रावर गेल्या.

फटीपलीकडे हिरवी रेषा आहे, पण ती आपणांस दिसत नाहीं, एवढें जाणून निर्णय घेण्याची संवय त्या अधिकाऱ्यांस लागली. पटावर त्यांची चूक झाली, तर ओल्या फडक्यानें ती पुसली जाई. तेथून निघून ते ज्या समुद्रावर जात, तेथें रेषा कोणत्याच रंगाच्या नव्हत्या, आणि पुसण्याचीही सोय नव्हती.