करी अँड चिप्स

ब्रिटिश दूरचित्रवाणीवरील एक अल्पजीवी विनोदी मालिका. लंडन वीकेंड टेलिव्हिजन या व्यापारी कंपनीने ती २१ नोव्हेंबर ते २६ डिसेंबर १९६९ या काळात दर शुक्रवारी प्रक्षेपित केली. सहा भागांनंतर इंडिपेंडंट टेलिव्हिजन ऑथॉरिटी या नियामक संस्थेने ती बंद करावयास लावली. त्यामुळे नाताळच्या दुसऱ्या दिवशी दाखविला गेलेला सहावा भाग हाच अखेरचा ठरला. लेखन जॉनी स्पेट (१९२०–९८) याचे. मूळ कल्पना व प्रमुख भूमिका स्पाइक मिलिगन (१६ एप्रिल १९१८–२७ फेब्रुवारी २००२) या अहमदनगर (सध्याचे अहिल्यानगर) येथे जन्मलेल्या विनोदकाराची.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमधील कारखाने, रुग्णालये व वाहतूक-सेवा यांना मनुष्यबळाची चणचण भासू लागली. वेस्ट इंडीज, भारत व पाकिस्तान येथून आलेल्या लोकांनी ती बऱ्याच अंशी भरून काढली. तथापि त्यांच्याविषयीचा आकसही वाढत गेला. १९६२ व १९६८ च्या कायद्यांनी राष्ट्रकुलातून येणाऱ्यांच्या प्रवेशावर बंधने घातली. एप्रिल १९६८ मध्ये ईनॉक पॉवेल याने बर्मिंगहॅम येथे केलेल्या भाषणाने हा वाद अधिकच चिघळला. याच सुमारास स्पेटची बीबीसीवरील टिल डेथ अस डू पार्ट ही मालिका गाजत होती. तीतील ॲल्फ गार्नेट या दुराग्रही नायकाचे हसे व्हावे, असा लेखकाचा हेतू होता. परंतु अनेक प्रेक्षकांना तो आपल्याच मनातले बोलतो आहे, असे वाटले. करी अँड चिप्सच्या वाट्याला हाच घोटाळा अधिक तीव्रतेने आला.

मालिकेचे कथानक एका लहानशा कारखान्यात घडते. तेथे केव्हिन ओग्रेडी हा नवा कामगार येतो. तो अर्धा आयरिश व अर्धा पाकिस्तानी आहे. इंग्रजांनी आपलीशी केलेली ‘करी’ आणि त्यांचे नित्याचे तळलेले बटाटे यांची जोडी शीर्षकात घातली आहे, ती या मिश्रणाला अनुलक्षून. एरिक साइक्सने मुकादमाची, तर केनी लिंच या कृष्णवर्णीय गायक-नटाने एका सहकामगाराची भूमिका केली. ओग्रेडीची भूमिका मिलिगनने चेहऱ्याला तपकिरी रंग फासून व उच्चार मोडून वठविली. इतर कामगारांच्या तोंडी वंशवाचक शिव्या व असभ्य शब्द यांची रेलचेल होती. कामगारांच्या पूर्वग्रहांचे जसेच्या तसे दर्शन घडविणे हा लेखकाचा उद्देश मानला, तरी जो हास्यास्पद दिसावयाचा तो पूर्वग्रह बाळगणारा माणूस मागे पडतो आणि रंग फासलेला परकाच हास्याचा विषय होतो, हा या रचनेतील मूलभूत दोष होय. प्रेक्षागृहातील हशा शिवी देणाऱ्याला उद्देशून आहे की शिवी खाणाऱ्याला, हे घरी बसलेल्या प्रेक्षकाला कसे कळावे? तक्रारी आल्या आणि नियामक संस्थेने हस्तक्षेप केला.

मिलिगनचे स्वतःचे चरित्र या प्रकरणाला एक वेगळीच छटा देते. त्याचे वडील ब्रिटिश हिंदुस्थानातील सैन्यात असलेले आयरिश गृहस्थ. मुलाचे बालपण पुणे व रंगून येथे गेले. इंग्लंडला तो पुढे कुमारवयात पोहोचला. द गून शो (१९५१–६०) या बीबीसीवरील नभोवाणी-कार्यक्रमाने त्याला कीर्ती मिळाली. तथापि भारतात जन्मलेल्या या सैनिकपुत्राचा, महायुद्धात लढलेला असूनही, ब्रिटिश पारपत्रावरील हक्क निर्विवाद राहिला नाही व अखेर त्याने वडिलांच्या नात्याने आयरिश नागरिकत्व घेतले. २००१ मध्ये मिळालेला ‘सर’कीच्या दर्जाचा किताबही त्यामुळे सन्माननीयच राहिला. उपरा ठरविला जाणे म्हणजे काय, हे त्याला ठाऊक होते. मात्र गोऱ्या वर्णामुळे रस्त्यावरची हेटाळणी त्याच्या वाट्याला येण्याचे कारण नव्हते, आणि ओग्रेडीच्या चित्रणात उणीव राहिली ती येथेच.

मालिका बंद झाली, तरी ही प्रथा थांबली नाही. मिलिगनच्याच द मेल्टिंग पॉट या मालिकेचा पहिला भाग बीबीसीने १९७५ मध्ये दाखविला. पुढील भाग चित्रित होऊनही प्रक्षेपित झाले नाहीत. उलट, नाशिकजवळील देवळाली येथील लष्करी छावणीत आरंभीचे कथानक घडणारी इट एन्ट हाफ हॉट मम ही मालिका १९७४ ते १९८१ या काळात ५६ भाग चालली. तीतील रंगी राम या भारतीय सेवकाची भूमिका मायकेल बेट्स या गोऱ्या नटाने, तोंडाला रंग लावूनच, केली होती. बेट्सचा जन्म झाशीचा व हिंदुस्थानीवर त्याची चांगली पकड होती, एवढे त्याच्या बाजूने म्हणता येईल. ब्रिटनमधील दक्षिण आशियाई कुटुंबांतील लेखक-नटांनी स्वतः रचलेला व सादर केलेला गुडनेस ग्रेशस मी हा विनोदी कार्यक्रम नभोवाणीवर १९९६ मध्ये आणि दूरचित्रवाणीवर १९९८ मध्ये आला. त्यातील एका प्रसिद्ध प्रहसनात मुंबईतील भारतीय मंडळी रात्री इंग्रजी खाणावळीत जातात आणि तेथील गोऱ्या वाढप्याची थट्टा करून सर्वांत बेचव पदार्थ मागवितात.